ध्वनिजोडफलक

ध्वनिमुद्रण व ध्वनिपुनरुत्पादन यांसाठी लागणाऱ्या निरनिराळ्या उपकरणांची आदाने व प्रदाने जॅकांच्या रूपाने एकाच फलकावर आणून, त्यांतील कोणतेही प्रदान हव्या त्या आदानास आखूड तारेने जोडता यावे यासाठी केलेल्या साधनास ध्वनिजोडफलक असे म्हणतात. व्यवहारात ते पॅच बे याच नावाने ओळखले जाते. ज्या अग्रातून विद्युत् संकेत उपकरणाबाहेर पडतो ते प्रदान व ज्या अग्रातून तो आत शिरतो ते आदान होय. सर्वसाधारण जोडफलक संकेताचे विवर्धन करीत नाही किंवा त्यात कोणताही बदल घडवीत नाही; तो केवळ मार्ग उपलब्ध करून देतो. फलक मध्ये असल्याचे ऐकणाऱ्यास जाणवू नये, हीच त्याची कसोटी होय. मुळात दूरध्वनी केंद्रासाठी निर्माण झालेले हे साधन नभोवाणी व बोलपट यांच्या मार्गाने ध्वनिमुद्रणगृहात आणि तेथून घरगुती संचात आले. आवाज जोडण्याची सोय आरंभी मोजक्या संस्थांच्या व मोठ्या शहरांच्या हाती होती. ती सामान्य माणसाच्या खोलीपर्यंत कशी पोहोचली, हे या प्रवासावरून दिसते.

उगम : दूरध्वनीचा शोध १८७६ मध्ये लागला, तेव्हा दोन यंत्रे एका तारेने कायमची जोडलेली असत. दहा वर्गणीदारांना या रीतीने परस्परांशी बोलावयाचे असेल, तर ४५ स्वतंत्र तारा लागतात; शंभर वर्गणीदारांसाठी ही संख्या ४,९५० इतकी होते. सर्व वर्गणीदारांच्या तारा एका ठिकाणी आणून तेथे मागणीप्रमाणे जोडणी करावी, हा या अडचणीवरील उपाय होता. अमेरिकेतील न्यू हेवन येथे २८ जानेवारी १८७८ रोजी जॉर्ज कॉय यांनी २१ वर्गणीदारांसाठी असे व्यापारी केंद्र सुरू केले. त्यांचा फलक साध्या बोल्टांचा व हाताशी आलेल्या तारांचा बनविलेला होता. त्यानंतर लवकरच शिकागो येथील चार्ल्स स्क्रिब्नर यांनी अशा जोडणीसाठी एक सुटसुटीत स्विच तयार केला. त्याचा आकार मिटत्या चाकूसारखा असल्याने त्यास ‘जॅक-नाइफ’ असे नाव मिळाले. पुढे त्याचे स्वरूप पुष्कळच पालटले. परंतु ‘जॅक’ हा शब्द मात्र कायम राहिला.

दूरध्वनी केंद्रातील प्लगाचा व्यास पाव इंच म्हणजे ६·३५ मिमी. होता. त्याचे टोक, त्यामागील कडे व त्यामागील नळी असे तीन परस्परांपासून निरोधित भाग असतात व त्यांना अनुक्रमे टिप, रिंग व स्लीव्ह म्हणतात. टोक व कडे यांवरून संभाषण वाहत असे. नळीचा उपयोग तारेवर आधीच संभाषण चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी होई. त्यासाठी केंद्रचालिका प्लगाचे टोक जॅकाच्या कडेला क्षणभर टेकवीत असे व तार गुंतलेली असल्यास तिच्या कानात ‘टक्’ असा आवाज येत असे. आजच्या घरगुती जोडफलकात हाच प्लग थोड्याफार फरकाने वापरात आहे.

भारतात कलकत्ता येथे २८ जानेवारी १८८२ रोजी दूरध्वनी केंद्र उघडण्यात आले आणि त्याच सुमारास मुंबई व मद्रास येथेही केंद्रे निघाली. या केंद्रांतील सर्व जोडण्या हातानेच होत. अमेरिकेतील ॲल्मन स्ट्रोजर यांनी १८९१ मध्ये स्वयंचलित जोडणीचे एकस्व मिळविले आणि भारतातील पहिले स्वयंचलित केंद्र १९१३-१४ मध्ये सिमला येथे सुरू झाले. तरीही दूरच्या गावी बोलण्यासाठी माणसाच्या हाताची गरज दीर्घकाळ टिकून होती. नाशिकसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून मुंबईस बोलावयाचे असल्यास ट्रंक कॉल नोंदवून वाट पाहावी लागे व मधल्या केंद्रांतील चालकांनी प्लग घातल्यावरच मार्ग पुरा होई. वर्गणीदारास स्वतः परगावचा क्रमांक फिरविण्याची सोय भारतात प्रथम १९६० मध्ये कानपूर व लखनौ या शहरांदरम्यान झाली. ती सर्वत्र पसरल्यावर हाताने चालविण्याचे फलक दूरध्वनी केंद्रांतून नाहीसे झाले.

नभोवाणी व बोलपट : नभोवाणी आणि बोलपट यांची ध्वनियंत्रणा बऱ्याच अंशी दूरध्वनी उद्योगातील तंत्रज्ञांनी उभी केली. त्यामुळे त्यांच्या नियंत्रण कक्षांत प्लग व जॅक यांचे फलक आले. मुंबई येथे इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. नभोवाणी केंद्रात अनेक कक्ष, ध्वनिमुद्रिका वाजविण्याची यंत्रे, बाहेरगावाहून येणाऱ्या दूरध्वनीच्या तारा आणि प्रक्षेपकाकडे जाणारी तार यांची जोडणी कार्यक्रमागणिक बदलावी लागते. तसेच एखादा विवर्धक ऐन प्रक्षेपणात बिघडल्यास त्यास वगळून पर्यायी मार्ग काही क्षणांत जोडावा लागतो. या दोन्ही गरजा जोडफलकाने भागविल्या.

चित्रपटसृष्टीत ध्वनीचा प्रवेश झाल्याचा परिणाम नाशिकने प्रत्यक्ष अनुभवला. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी १९१८ मध्ये नाशिक येथे स्थापन झाली आणि तिने अनेक मूकपट निर्माण केले. मूकपटासाठी कॅमेरा, रसायनशाळा व सूर्यप्रकाश एवढी सामग्री पुरेशी होती व ती नाशिकला उभारता आली. मुंबईत १४ मार्च १९३१ रोजी आलम आरा हा बोलपट प्रदर्शित झाला आणि पुढील वर्षी प्रभात फिल्म कंपनीचा अयोध्येचा राजा हा मराठी बोलपट आला. मूकपट म्हणून तयार झालेल्या फाळके यांच्या सेतुबंधन (१९३२) या चित्रपटास मागाहून ध्वनीची जोड द्यावी लागली. यानंतर नाशिकच्या कंपनीचे कार्य थोड्याच काळात संपुष्टात आले. त्यास आर्थिक व अंतर्गत अडचणींचीही कारणे होती. तथापि ध्वनियंत्रणेचा मोठा खर्च पेलणाऱ्या मुंबई, पुणे व कोल्हापूर येथील संस्थांकडे चित्रपटव्यवसाय एकवटला, हे स्पष्ट आहे. ज्या शहरात चित्र निर्माण होऊ शकत होते, तेथे आवाज जोडण्याचे साधन नव्हते.

घरगुती साधने : ही स्थिती पालटण्यास फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये प्रचारात आणलेली कॅसेट मोठ्या प्रमाणावर कारणीभूत झाली. टास्कम कंपनीने १९७९ मध्ये कॅसेटवर चार मार्गांनी ध्वनिमुद्रण करणारे व मिश्रक अंतर्भूत असलेले यंत्र विक्रीस आणले. त्यामुळे परदेशांत हौशी संगीतकारांना घरी बहुमार्गी मुद्रण करणे शक्य झाले. भारतात १९८० नंतरच्या दशकात कॅसेटयंत्र मध्यमवर्गीय घरांत पोहोचले. कीर्तन, अभंगगायन व नाट्यसंगीत यांची परंपरा असलेल्या आणि वसंत व्याख्यानमालेसारखे उपक्रम चालणाऱ्या नाशिकमध्ये घरगुती मैफल, प्रवचन, व्याख्यान किंवा आजोबांच्या तोंडची आरती फितीवर उतरवून घेणे आता कोणासही साध्य होते. पुढे संगणकाला जोडावयाची अंकीय ध्वनिसाधने स्वस्त झाली आणि जुनी व नवी उपकरणे एकाच खोलीत एकत्र आली.

अशा घरात जोडफलकाची गरज दोन कारणांनी भासते. एक म्हणजे मागील बाजूच्या तारा वारंवार काढल्या-घातल्याने उपकरणांचे जॅक सैल होतात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. जुन्या फितीवरील चुंबकीय लेप झिजलेला किंवा सुटू लागलेला असतो आणि काही फिती एकदाच नीट वाजतील इतक्या जीर्ण असतात. अशी फीत चालू असताना एक बाजू जोडलेलीच नाही किंवा गुणगुण येत आहे असे आढळले, तर ती संधी पुन्हा मिळेलच असे नाही. संकेताचा मार्ग आधी तपासून ठेवता येणे व तो डोळ्यांसमोर असणे, हा येथे जोडफलकाचा खरा लाभ होय.

रचना व प्रकार : प्रचलित फलकाची रुंदी ४८२·६ मिमी. (१९ इंच) व उंची ४४·४५ मिमी. असते. त्यावर सामान्यतः २४ स्तंभ व दोन ओळी, म्हणजे पुढील बाजूस ४८ जॅक असतात. उपकरणे मागील बाजूस कायमची जोडतात. वरच्या ओळीत प्रदाने व खालच्या ओळीत आदाने ठेवण्याचा संकेत आहे. एका स्तंभातील वरच्या व खालच्या जॅकांच्या आंतरिक संबंधावरून पुढील तीन मुख्य प्रकार पडतात.

(१) खुला प्रकार : यात वरचा व खालचा जॅक परस्परांशी जोडलेले नसतात. पुढून तार घातल्याशिवाय संकेत पुढे जात नाही.

(२) पूर्वजोडित प्रकार : यास व्यवहारात नॉर्मल्ड म्हणतात. प्लग नसताना वरचे प्रदान खालच्या आदानास आपोआप जोडलेले असते. वर किंवा खाली कोठेही प्लग घातल्यास ही जोडणी तुटते.

(३) अर्धपूर्वजोडित प्रकार : यास हाफ-नॉर्मल्ड असे म्हणतात. यात खालच्या जॅकात प्लग घातला तरच जोडणी तुटते. वरच्या जॅकात प्लग घातल्यास मूळ मार्ग कायम राहून त्याच संकेताची दुसरी शाखा मिळते. घरगुती संचात हाच प्रकार सर्वांत उपयुक्त ठरतो, कारण नेहमीचे काम एकही तार न लावता चालते आणि विशेष प्रसंगी एका तारेने मार्ग बदलता येतो.

एका प्रदानाचा संकेत दोन आदानांस देणे बहुधा चालते, कारण प्रदानाचा संरोध कमी व आदानाचा बराच जास्त असतो. याउलट दोन प्रदाने नुसत्या तारेने एकत्र जोडून एका आदानास देणे चुकीचे आहे. त्यामुळे दोन्ही उपकरणे परस्परांवर भार टाकतात व आवाज क्षीण किंवा विकृत होतो. त्या कामासाठी मिश्रकच वापरावा लागतो.

निवड : फलक विकत घेण्यापूर्वी सर्व आदाने व प्रदाने कागदावर मोजावीत. उदाहरणादाखल एका घरात ध्वनिमुद्रिका वाजविण्याचे यंत्र व त्याचा पूर्वविवर्धक, कॅसेटयंत्र, रिळाचे टेपयंत्र, चार आदानांचा मिश्रक, चार आदाने व चार प्रदाने असलेले संगणकाचे ध्वनिसाधन, द्विमार्गी स्वरसमकारी म्हणजे इक्वलायझर आणि विवर्धक एवढी उपकरणे आहेत असे समजू. पूर्वविवर्धकाची २, कॅसेटयंत्राची २, टेपयंत्राची २, मिश्रकाची २, संगणकसाधनाची ४ व इक्वलायझरची २ मिळून प्रदाने १४ होतात. कॅसेटयंत्राची २, टेपयंत्राची २, मिश्रकाची ४, संगणकसाधनाची ४, इक्वलायझरची २ व विवर्धकाची २ मिळून आदाने १६ होतात. म्हणजे १६ स्तंभ लागतात आणि २४ स्तंभांच्या फलकात ८ स्तंभ पुढील वाढीसाठी शिल्लक राहतात.

यांपैकी पूर्वविवर्धक ते मिश्रकाची १ व २ ही आदाने, कॅसेटयंत्र ते संगणकाची १ व २ ही आदाने, टेपयंत्र ते संगणकाची ३ व ४ ही आदाने, संगणकाची १ व २ ही प्रदाने ते मिश्रकाची ३ व ४ ही आदाने आणि मिश्रक ते विवर्धक, असे दहा स्तंभ अर्धपूर्वजोडित ठेवावेत. उरलेले सहा स्तंभ खुले ठेवावेत. एखाद्या उपकरणाचे प्रदान त्याच्याच आदानाच्या वर ठेवून तो स्तंभ पूर्वजोडित केल्यास संकेत वर्तुळात फिरत राहतो व ध्वनिक्षेपकातून कर्कश शिट्टी निघते. इक्वलायझर व मुद्रणयंत्रे यांच्या बाबतीत ही चूक विशेषेकरून घडते. जीर्ण फितीचे मुद्रण इक्वलायझरमधून न नेता प्रथम जसेच्या तसे करावे. स्वरांची दुरुस्ती मागाहून प्रतीवर करता येते.

व्यावसायिक उपकरणांत संतुलित म्हणजे दोन संकेततारा व एक आवरण असलेली जोडणी असते व तिची प्रमाणभूत पातळी सु. १·२३ व्होल्ट असते. बहुतेक घरगुती उपकरणांत असंतुलित म्हणजे एक तार व आवरण अशी जोडणी असून पातळी सु. ०·३२ व्होल्ट असते. दोन्ही प्रकारची उपकरणे असल्यास तीन संपर्कांचे जॅक असलेला फलक घ्यावा. सर्व उपकरणे घरगुती असल्यास व बदल क्वचितच करावयाचे असल्यास साध्या आरसीए जॅकांचा फलक स्वस्त व पुरेसा ठरतो. ४·४ मिमी. व्यासाच्या प्लगांचे दाट फलक मोठ्या मुद्रणगृहांसाठी सोयीचे असतात. त्यांच्या तारा महाग असल्याने घरी त्यांचा आग्रह धरण्याचे कारण नाही.

काही जोडण्या या फलकावर आणू नयेत. विवर्धकाकडून ध्वनिक्षेपकाकडे जाणाऱ्या तारांत मोठा विद्युत् प्रवाह असतो आणि त्या चुकून एखाद्या आदानास लागल्यास उपकरण जळू शकते. मुद्रिकायंत्राच्या सुईकडून येणारा संकेत अवघ्या काही मिलिव्होल्टांचा असल्याने तो प्रथम पूर्वविवर्धकातून न्यावा. ४८ व्होल्टांचा दाब पुरवावा लागणारे ध्वनिग्राहक थेट मिश्रकास जोडावेत, कारण प्लग जॅकात सरकताना त्याचे संपर्क क्षणभर भलत्याच भागांना टेकतात.

तारांची जोडणी : संतुलित जोडणीत टोकास धन संकेत, कड्यास ऋण संकेत व नळीस आवरण जोडतात. असंतुलित जोडणीत टोकास संकेत व नळीस आवरण जोडले जाते. तार आवरणयुक्त असावी व संतुलित जोडणीसाठी आतील दोन तारा पिळलेल्या असाव्यात. डाख देताना प्रथम जोड तापवून त्यावर कथिल वितळू द्यावे. थंड जोडावर टाकलेले कथिल वरून चांगले दिसले तरी पुढे खरखर निर्माण करते. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांस एकच क्रमांक लावावा आणि फलक पुढे ओढून काम करता येईल इतकी लांबी राखावी. विजेच्या तारा व ध्वनिसंकेताच्या तारा समांतर नेऊ नयेत. त्या एकमेकींस ओलांडत असल्यास काटकोनात ओलांडाव्यात.

भारतातील वीजपुरवठ्याची कंप्रता ५० हर्ट्‌झ असल्याने चुकीच्या जोडणीत ५० किंवा १०० हर्ट्‌झची गुणगुण ऐकू येते. दोन उपकरणे वीजतारेच्या भूयोजनाने व शिवाय ध्वनितारेच्या आवरणाने अशी दोन मार्गांनी जोडली गेल्यास भूयोजनाचे वर्तुळ तयार होते व ही गुणगुण उद्‌भवते. सर्व उपकरणांना एकाच ठिकाणाहून वीज देणे हा पहिला उपाय होय. संतुलित तारेचे आवरण एकाच टोकाशी जोडणे हा दुसरा उपाय आहे. असंतुलित तारेत मात्र आवरण हाच परतीचा मार्ग असल्याने ते तोडता येत नाही. ज्या फलकात सर्व जॅकांच्या नळ्या आतून एकत्र जोडलेल्या असतात, त्यात असे वर्तुळ टाळणे कठीण जाते. गुणगुण घालविण्यासाठी वीजप्लगाची भूयोजनाची पिन काढून टाकणे जिवावर बेतू शकते व ते कदापि करू नये. जुन्या वाड्यांत तीन छिद्रांचा सॉकेट असूनही त्यामागे भूयोजनाची तार नसण्याचा संभव असतो. म्हणून प्रथम जाणकार वीजतंत्र्याकडून ती तपासून घ्यावी.

जोडणी पूर्ण झाल्यावर बहुमापकाने प्रत्येक तार अखंड आहे व तिचा आवरणाशी संपर्क नाही याची खात्री करावी. नंतर आवाज अगदी कमी ठेवून एकेका स्तंभातून परीक्षण स्वर पाठवावा आणि डावी-उजवी बाजू पाहावी. हे सर्व झाल्यावरच मौल्यवान फीत यंत्रावर चढवावी.

निगा : नाशिकच्या पावसाळी हवेतील आर्द्रता व उन्हाळ्यातील धूळ यांमुळे संपर्क मलिन होतात. पूर्वजोडित स्तंभात कित्येक महिने प्लग न घातल्यास आतील स्विचाच्या पट्ट्यांवर पातळ थर साचतो व एका बाजूचा आवाज मध्येच जातो. प्लग काही वेळा आत-बाहेर केल्याने हा दोष बहुधा तात्पुरता दूर होतो. तो वारंवार उद्‌भवल्यास संपर्क स्वच्छ करण्याचे द्रव वापरावे. पट्ट्यांची स्प्रिंग ढिली झाली असल्यास जॅक बदलणे श्रेयस्कर असते. फलकाची आकृती व क्रमांकांची यादी संचाजवळ ठेवावी, म्हणजे घरातील दुसऱ्या व्यक्तीसही तो वापरता येतो.

महत्त्व : संगणकीय प्रणालींत आता पडद्यावरच मार्ग जोडता व साठविता येतात. त्यामुळे केवळ अंकीय उपकरणे वापरणाऱ्यास स्वतंत्र जोडफलकाची गरज पूर्वीइतकी राहिलेली नाही. दूरध्वनी केंद्रात कोणास कोणाशी जोडावयाचे हे क्रमांकावरून ठरत असल्याने ते काम यंत्राकडे सोपविता आले. ध्वनिमुद्रणात मात्र कोणता मार्ग योग्य हे ऐकणाऱ्याच्या कानाने ठरते आणि जुन्या यंत्रांपर्यंत पोहोचण्यास तारेवाचून गत्यंतर नाही. कपाटातील रिळे व कॅसेटी यांतील आवाज पुढील पिढीस मिळावयाचे असतील, तर ती यंत्रे चालू अवस्थेत आहेत तोपर्यंतच हे काम होणे आवश्यक आहे. नाशिकच्या मूकपटकर्त्यांना जी सोय आपल्या शहरात उपलब्ध नव्हती, ती आता दोन ओळींच्या एका फलकावर व मोजक्या तारांवर घरातच करता येते.